चढाईपटूचा गुडघा

हुंदळेवाडी नकाशात दाखव म्हटलं तर आमच्या खानापूरच्या पोरांना जमणार नाही, पण सिद्धार्थ देसाईचं नाव काढलं की सगळे सरसावून बसतात. गाव चंदगड तालुक्यातलं. 1956 पर्यंत चंदगड आणि खानापूर दोन्ही बेळगाव जिल्ह्यातच होते. राज्यांची पुनर्रचना झाली, चंदगड कोल्हापूरला जोडला गेला, आम्ही इकडे राहिलो. दवाखान्याला आणि बाजाराला तिकडची माणसं आजही बेळगावलाच येतात. त्यामुळे तो आमच्या लेखी परका नाही. आपलाच की!

2018 मध्ये यू मुंबाने त्याला 36.4 लाखांना घेतलं. प्रो कबड्डीतला पहिलाच हंगाम, आणि 21 सामन्यांत चढाईचे 218 गुण. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले, त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली. पुन्हा 217 गुण. मग आठव्या हंगामात दुखापत झाली आणि मोजकेच सामने मिळाले. 2023 ला हरियाणा स्टीलर्सने परत 1 कोटी दिले. हा चढउतार मला तोंडपाठ आहे, कारण आमच्या घरात तो रोज ऐकवला जातो.

ऐकवणारा माझा मावसभाऊ. तोही चढाईपटू. गेल्या दिवाळीतल्या स्पर्धेत, मॅटवर, उजवा गुडघा फिरला. बूट मॅटला धरून राहिला आणि अंग वळलं. लिगामेंट तुटलंय म्हणाले.

चढाईपटूचं गणितच वाईट आहे. 30 सेकंद, समोर सात जण, आणि निदानरेषा ओलांडल्याशिवाय परतायचं नाही. एकजण घोटा धरतो, दुसरा कमरेला मिठी मारतो, बाकीचे अंगावर पडतात. तेवढ्यात मध्यरेषेकडे झेप घ्यायची ती त्याच पायावर. अमेरिकन फुटबॉलमधल्या रनिंग बॅकचं काम बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं: चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीत घुसायचं, ते पाडतात, उठायचं, परत घुसायचं. तिथला बॅरी सँडर्स दहा हंगाम खेळला, 15,269 यार्ड धावला आणि 1999 मध्ये अंगात खेळ शिल्लक असतानाच थांबला. लोक चिडले. मला तो शहाणा वाटतो. पण त्याच्याकडे थांबण्याइतकं साठलेलं होतं, हेही खरं.

दादाकडे काय आहे? बी.कॉम.ची दोन वर्षं, एक कपाट ट्रॉफ्या, आणि स्पर्धेत मिळालेला मिक्सर, ज्यात मावशी चटणी वाटते. मी त्याला म्हटलं, "सिद्धार्थनं फिजिक्स घेऊन पदवी केली, तेवढं तरी त्याचं घे." तो म्हणाला, "तो दुखापतीनंतर परत आला, ते घेतो की!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भाताची मळणी झाली की ऑपरेशन करायचं ठरलंय. डॉक्टरांनी नऊ महिने मैदान नाही म्हणून बजावलंय. दादाने बोटांवर महिने मोजले आणि विचारलं, "म्हणजे गणपतीत नाही. पण दिवाळीत चालेल ना?"

मावशी काही न बोलता उठून आत गेली.