भवानीपूरची भिंत

कोलकात्याचं पोस्टिंग आलं तेव्हा युनिटमध्ये सगळ्यांनी पाठ थोपटली. पीस स्टेशन, फॅमिली सोबत, वर माशांची चंगळ. सतरा वर्षांच्या नोकरीत मी बायको-मुलाबरोबर सलग एक वर्षही राहिलो नव्हतो. मुलगा आठवीत गेला होता आणि त्याच्या मिशा फुटायच्या आत हे एकदा व्हावं अशी इच्छा होती.

जून 2022 मध्ये फोर्ट विल्यमला हजर झालो. (आता त्या किल्ल्याचं नाव विजयदुर्ग झालंय आणि सेंट जॉर्ज गेटचं शिवाजी गेट. मी असताना झालं असतं तर गेटखाली एक फोटो नक्की काढला असता.) क्वार्टरला वेळ होता म्हणून बाहेर घर शोधू लागलो. भवानीपुरात एक सापडलं.

दुमजली जुनं घर. रस्त्याला लागून बसायचा ओटा, त्याला तिकडे रोक म्हणतात. संध्याकाळी गल्लीतले म्हातारे तिथे चहा घेऊन सगळ्या जगाचा निकाल लावतात. हिरव्या लाकडी खिडक्या, त्यांच्या पट्ट्या एका दांडीने वरखाली करायच्या, म्हणजे वारा आत आणि ऊन बाहेर. आत लाल गुळगुळीत जमीन, कडेने काळा पट्टा. वर तुळया आणि त्यांवर आडव्या कड्या. कोलकात्याच्या मध्यमवर्गाने विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अशी हजारो घरं बांधली. ती राजवाडे नव्हेत, म्हणून त्यांच्याकडे कोणी वारसा म्हणून बघत नाही. लेखक अमित चौधुरींनी 2015 पासून नेमक्या याच घरांसाठी आवाज उठवला, पण बिल्डरचा आवाज मोठा असतो.

घरमालकीण वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. अख्खी गल्ली त्यांना माशिमा म्हणायची, म्हणजे मावशी. मी मराठी आहे कळल्यावर त्या हसून म्हणाल्या, "अच्छा, तुम बर्गी है!" आपले बारगीर. 1742 च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर आल्या, तेव्हा त्यांच्या धास्तीने इंग्रजांनी कलकत्त्याभोवती मराठा खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही, पुढे बुजवला आणि तिथून सर्क्युलर रोड गेला. आपण मात्र तिथल्या अंगाईगीतात अजून आहोत, पोरांना भीती दाखवायला. असो. तळमजला आठ वर्षं बंद होता. माशिमांची अट साधी होती: भाडं कमी, दुरुस्ती तुझी.

खालच्या भिंती छातीपर्यंत ओल्या होत्या. रंगाचे पोपडे सुटलेले, हात लावला की पांढरं मीठ बोटांना लागायचं. बंगालीत याला नोना धरणं म्हणतात. मी बॉम्बे सॅपर्सचा, खडकीत घडलेला. नद्यांवर पूल टाकलेत, भिंतीचं काय घेऊन बसलात? आठवड्याचा प्लॅन केला: पोपडे खरवडायचे, सिमेंटचा गिलावा, वर वॉटरप्रूफ रंग. सिमेंटच्या गोण्या दारात येऊन पडल्या.

मिस्त्री मुर्शिदाबादचे, साठीचे. त्यांनी हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत ठोकत खोलीला एक फेरी मारली. खालून पोकळ आवाज, वरून भरीव. म्हणाले, "साब, सिमेंट तो पहले से लगा है. वही तो बीमारी है."

मग त्यांनी मला जमिनीवर बसवून समजावलं. घर चुना आणि सुरखीचं, म्हणजे चुन्यात विटांची भुकटी. पायात ओल अडवणारा थर नाही. जमिनीतलं पाणी भिंतीत चढणारच. चुन्याच्या गिलाव्यातून ते वाळून जातं. आधीच्या कोणी खाली चार फूट सिमेंट मारलं, त्यावर ऑइल पेंट. बाहेर पडायची वाट बंद झाल्यावर पाणी सिमेंटच्या डोक्यावरून वर चढलं. पाण्यातलं मीठ गिलाव्याच्या मागे साचलं आणि विटा आतल्या आत भुसभुशीत झाल्या. उपाय एकच: सगळं सिमेंट उतरवायचं, पावसाळा संपला की भिंत वाळू द्यायची, मग चुना. किती दिवस? "जाड़ा निकल जाने दो."

फोनवर सांगितलं तेव्हा ही काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "दोन वर्षांच्या पोस्टिंगमधले सहा महिने तुम्ही भिंतीला देणार?" हिशोब बिनचूक होता. मी म्हटलं तरी काय असतं? ओल्या खोलीत पोराला झोपवायचं नव्हतं एवढंच खरं.

सिमेंटच्या गोण्या मिस्त्रींच्याच दुसऱ्या कामावर गेल्या. दिवाळीत मी एकटाच त्या उघड्या विटांच्या खोलीत कॅम्प कॉट टाकून झोपलो. चुना पिंपात भिजत होता. मिस्त्री रविवारी येऊन भिंतीला तळहात लावून बघायचे, नाडी बघावी तसा, आणि मान हलवून चहा पिऊन जायचे. बाकीची कामं भराभर झाली. जुनी लाकडी पट्टीतली वायरिंग काढली, न्हाणीघरात गिझर बसवला, कोठारात ओटा घालून स्वयंपाकघर केलं. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचा मोह झाला होता, पण माशिमांनी नुसतं बघितलं. राउटर एका खोलीत लावला तर वीस इंची भिंतीपलीकडे रेंज जाईना, म्हणून दोन लावले.

या सगळ्यात एक गोष्ट मला छळत होती. वाई तालुक्यात आमचं घर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांचं. 2016 ला सुट्टीवर आलो तेव्हा मोठ्या हौसेने माजघराला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. अण्णा म्हणाले होते, "मातीला मातीच लागती." मी हसलो होतो. तिसऱ्या वर्षी भिंतीला पोट आलं. अण्णा काही बोलले नाहीत, बाज उचलून पडवीत गेले. पाऊस जास्त झाला, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

फेब्रुवारीत चुन्याचे थर चढले. मार्चअखेर फॅमिली आली. हिने भिंतीला हात लावला, कोरडा हात मला दाखवला आणि म्हणाली, "बरं आहे. आता जेवायला काय आहे?" माशिमा वरून रसगुल्ल्यांचं मडकं घेऊन उतरल्या. त्या घरात आम्हाला तेरा महिने मिळाले, मग पुन्हा फील्ड.

मधल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा छिन्नी-हातोडा घेऊन माजघरात उतरलो. पहिला पापुद्रा पडला आणि मागून ओल्या मातीचा वास आला. अण्णा पडवीतून उठून आले, थोडा वेळ बघत उभे राहिले, मग कोपऱ्यातलं घमेलं ओढून माझ्या पायाशी सरकवलं.

"हळू मार," ते म्हणाले. "मी राडा उचलतो."