आमच्या पद्मिनीची थरथर

माझ्या वडिलांनीं मागें ठेवलेल्या मोजक्या वस्तूंमध्यें १९८६ सालची एक प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. इटलींतील फियाटच्या नमुन्यावर कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून तयार होऊं लागलेल्या या गाडीस १९७४ मध्यें पद्मिनी हें नांव मिळालें, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमची निवृत्त झाली, हें पुष्कळ पालकांस ठाऊक असेल. आमची अद्याप निवृत्त झालेली नाहीं. घरच्या मंडळींचें मत निराळें आहे. पण तो विषय येथें नको.

गेल्या पावसाळ्यानंतर तिला एक विचित्र खोड जडली. मोकळ्या रस्त्यावर ती कांहीं तक्रार न करतां धांवे. परंतु द्वारकेस किंवा त्र्यंबक नाक्यावर सिग्नलपाशीं थांबली, कीं हिंवतापाच्या रोग्याप्रमाणें थरथरूं लागे आणि पाहतां पाहतां इंजिन बंद पडे. मागून भोंग्यांचा कल्लोळ, आणि शेजारून एखाद्या विद्यार्थ्याचे वडील नमस्कार करीत निघून जाणार! गॅरेजच्या भाषेंत याला ‘गाडी मिसिंग करते’ असें म्हणतात. चोक थोडा ओढून धरला, तर मात्र ती तग धरी. ही खूण महत्त्वाची होती. पण विज्ञान शिकविणाऱ्या मला तिचा अर्थ त्या वेळीं उमगला नाहीं.

मीं निदान आधींच करून ठेवलें होतें. आतां पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळतात. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांस तें मानवत नाहीं. पावसाळ्यांत पेट्रोलचा वासही येऊं लागला होता. म्हणून नळी बदलली. वास गेला, थरथर राहिली. मग गाडी एका गॅरेजांत नेली. तेथें काम करणारा मुलगा माझाच जुना विद्यार्थी, नववींत शाळा सोडून गेलेला. त्यानें प्लग काढून दाखविले. मिश्रण योग्य असल्यास प्लगचें टोंक बिस्किटाच्या रंगाचें दिसतें; पेट्रोल अधिक झाल्यास काजळी धरते; हे पांढुरके होते, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतें. पॉइंटचें अंतर त्यानें तपासलें, कार्ब्युरेटर उतरवून स्लो जेटचें केसाएवढें छिद्र फुंकून स्वच्छ केलें, नवें पॅकिंग घालून तो बसविला. गाडी पहिल्याच सिग्नलला बंद पडली.

मी तसाच माघारीं गेलों आणि मालकासमक्ष त्या मुलाला बोललों. “वर्गांतही तूं अर्धेंच काम करीत होतास,” हे माझे शब्द. तो कांहीं बोलला नाहीं. मालकानें त्याची त्या दिवसाची मजुरी कापली, हें मला मागाहून कळलें.

पुढच्या रविवारीं आम्हीं चर्चमधून परत येतों, तों तो फाटकापाशीं उभा. हातांत पाण्याची लहान बाटली. “सर, इंजिन चालू करा,” एवढेंच म्हणाला. कार्ब्युरेटर जेथें मेनिफोल्डवर बसतो, त्या सांध्याभोंवतीं तो थेंब थेंब पाणी सोडूं लागला. एका कोपऱ्यावर थेंब पडतांच तो आंत ओढला गेला, आणि क्षणभर थरथर थांबली! (पेट्रोलानें ही परीक्षा कोणीं करूं नये, तापलेल्या इंजिनावर आग लागते.)

तेव्हां कोठें माझ्या डोक्यांत प्रकाश पडला. एक भाग पेट्रोल जाळण्यास वजनानें सुमारे १४.७ भाग हवा लागते. गाडी उभी असतां हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन आंतून ओढीत असल्यामुळें मेनिफोल्डमधील दाब बाहेरच्या निम्म्याहूनही खालीं जातो, आणि एखाद्या फटींतून चोरवाटेनें हवा आंत शिरते. त्या वेळीं एकंदर हवाच थोडी असल्यानें एवढी चोरीही मिश्रण बिघडविण्यास पुरते. वेगांत झडप उघडी असते, ओढ कमी असते, हवा विपुल असते. चोरी जाणवत नाहीं. चोक ओढला, कीं पेट्रोल वाढून तूट भरून निघते.

“पण पॅकिंग तर नवें आहे,” मी म्हणालों. त्यानें कार्ब्युरेटर उतरविला आणि माझी पोलादी फूटपट्टी मागितली. बुडाच्या पाटीवर ती उभी धरून उजेडाकडे केली. मध्यें फट स्पष्ट दिसली. मऊ धातूची ती पाटी दोन्ही टोंकांस वांकली होती. “सर, मीं त्या दिवशीं नट सोडविले, तेव्हां ते इतके घट्ट होते, कीं पाना घसरला. कोणीं आवळले होते?”

मींच आवळले होते. पावसाळ्यांत वास येऊं लागला, तेव्हां लांब दांड्याच्या पान्यानें, सारें बळ लावून. आणि वास तर नळीचा होता.

टेबलावरची जाड कांच काढून तिच्यावर बारीक पॉलिश कागद पसरला, आणि पाटी त्यावर फिरवीत घांसली. पाऊण तास लागला. पट्टीखालून उजेड दिसेनासा झाल्यावर पाटी धुवून, नवें पॅकिंग घालून, आंखूड पान्यानें दोन्ही नट आळीपाळीनें, बेताचे आवळले. मग स्लोचा स्क्रू लावला. इंजिनाचा आवाज शिलाईच्या यंत्रासारखा एकसारखा येऊं लागला. आमच्या घरांतून एक मस्तक डोकावलें व कांहीं न बोलतां आंत गेलें.

सोमवारीं शाळा सुटल्यावर मी गॅरेजांत गेलों आणि चूक कोणाची, तें मालकास सांगितलें. इतर मुलें ऐकत होतीं, तीं ऐकूं दिलीं. मालकानें कापलेली मजुरी देऊन टाकली. मीं देऊं केलेले पैसे मुलानें घेतले नाहींत. “सर, ती पट्टी मात्र द्या,” म्हणाला. ती आतां तेथल्या भिंतीवर खिळ्यास टांगलेली आहे.