जुनी जीप, नवे ब्रेक

आमच्या गावच्या घराच्या पडवीत आप्पांची जीप उभी असते. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९८९ साली घेतली. शिरोळ तालुक्यातील उसाच्या शेतांमधल्या चिखलवाटा, पंचगंगेला पूर आला की पाण्याखाली जाणारे रस्ते आणि गुळाचे रवे घेऊन कोकणात उतरण्याचे घाट, या तिन्हींसाठी चारही चाकांना ओढ देणारे वाहन त्यांना हवे होते. थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, शेती पाहतात. मी बँकेत नोकरी केली आणि २०१८ साली निवृत्त झालो. निवृत्तीनंतर ही जीप पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद मला जडला. त्या छंदापायी अठ्ठावीस वर्षांपूर्वीची माझी एक चूक माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तीच आज वाचकांपुढे मांडतो आहे.

१९९१ सालच्या डिसेंबर महिन्यातील ही गोष्ट. गुऱ्हाळे सुरू झाली होती. आमच्या जीपवर त्या वेळी जे चालक होते, त्यांना घरातील सारी मुले मामा म्हणत आणि म्हणून आम्ही मोठेही मामाच म्हणत असू. तीस किलोचे पंचवीस रवे भरून मामा गगनबावड्याच्या करूळ घाटाने वैभववाडीकडे निघाले. जीपच्या मानाने हा भार अधिक होता, परंतु एका खेपेत काम उरकावे, हा आप्पांचा आग्रह होता. घाटाच्या खालच्या टप्प्यात जीप डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन आदळली. बंपर, मडगार्ड, रेडिएटर यांचा चुराडा झाला. सुदैवाने माणसांना इजा झाली नाही.

“मालक, पाय पार तळाला गेला. ब्रेक लागलाच न्हाई. दरीत जान्यापरीस डोंगराला घातली,” मामा सांगत होते.

मी रजेवर घरी आलो होतो. दुसऱ्या दिवशी दादा आणि मी ट्रॅक्टर घेऊन घाटात गेलो. मी स्वतः जीपमध्ये बसून ब्रेकचे पेडल दाबून पाहिले. ते घट्ट होते. ट्रॅक्टरने जीप ओढत असताना ब्रेक लावले, तर चाके जागच्या जागी थांबली. संध्याकाळी मी आप्पांना सांगितले, “ब्रेकमध्ये काहीही दोष नाही. मी स्वतः पाहिले आहे.” मी एम.कॉम. झालेला, बँकेतला अधिकारी. माझ्या शब्दाला घरात वजन होते. दुरुस्तीला आलेले तीन हजार दोनशे रुपये मामांच्या पगारातून दरमहा थोडेथोडे कापून घेण्यात आले. मामांनी पुन्हा वाद घातला नाही. रक्कम फिटेपर्यंत त्यांनी काम केले आणि मग ते आमच्याकडून निघून गेले. आप्पा २००४ साली वारले. तोपर्यंत घरात या प्रसंगाचा उल्लेख निघाला, की “मामाची डुलकी” एवढ्या दोन शब्दांत तो संपत असे.

आता २०१९ सालाकडे येतो. महापूर ओसरून दोन महिने झाले होते. दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीव पुण्याहून सहकुटुंब आले होते. सात वर्षांच्या नातीला कोकण पाहायचे होते आणि तेही आजोबांच्या जीपमधूनच. इंजिन मी नव्याने बांधून घेतले होते, टायर नवे होते, रंगही दिला होता. ब्रेकचे लायनर मात्र “अजून बरेच आहेत” या मिस्त्रींच्या शब्दावर तसेच ठेवले होते. करूळ घाटात पुढे एक मालवाहू ट्रक सावकाश उतरत होता. मी तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून त्याच्या मागे राहिलो. अलीकडच्या मोटारीवर हात बसलेला असल्यामुळे ही सवय मला लागली होती. पाच-सहा किलोमीटरनंतर जळल्याचा वास येऊ लागला. पुढच्या वळणाआधी पेडल दाबले, तो ते खाली खाली जातच राहिले. जीपचा वेग कमी होईना.

मी दुसरा गिअर टाकला, नंतर कसाबसा पहिला. हँडब्रेक ओढला. रस्त्याच्या कडेला, डोंगराच्या बाजूला खडीचा एक ढीग होता, त्यात पुढचे चाक घातले. जीप थांबली. नात हसत होती. तिला वाटले, आजोबांनी गंमत केली. चिरंजीव आणि सूनबाई काहीच बोलले नाहीत. चाकांजवळ हात नेता येत नव्हता, इतके ड्रम तापले होते.

अर्धा-पाऊण तास आम्ही तेथेच बसलो. नंतर मी आत बसून पेडल दाबले. ते घट्ट होते! जीप दोन हात पुढे घेऊन ब्रेक लावला, तर ती जागीच थांबली. ब्रेकमध्ये काहीही दोष नव्हता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच घाटात मी हेच पाहिले होते आणि यावरूनच एका प्रामाणिक माणसाला खोटे ठरवले होते.

घरी आल्यावर मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात. पेडल दाबले की ते बाहेर फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. वाहनाच्या गतीची सारी ऊर्जा या घर्षणातून उष्णता होऊन बाहेर पडते. परंतु ड्रम हे झाकलेले भांडे आहे. आतली उष्णता लवकर निघत नाही. लांब उतारावर ब्रेक सतत लावून ठेवला की लायनर तापून त्याची पकड घटते. ड्रम तापल्याने प्रसरण पावतो आणि शूपासून दूर जातो, म्हणून पेडल अधिक खाली जाते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ते जुने असेल तर लवकर उकळते, त्यात बुडबुडे होतात आणि पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचतच नाही. भार आणि वेग जितका अधिक, तितकी ही आपत्ती जवळ. त्यातही वेग दुप्पट झाला तर जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की सारे थंड झाले की ब्रेक बहुधा पूर्ववत होतो. दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही.

डिस्क ब्रेकची रचना निराळी आहे. चाकाबरोबर एक उघडी तबकडी फिरते आणि कॅलिपरमधील दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. तबकडीला वारा लागतो, त्यामुळे ती लवकर निवते. तापून ती किंचित जाड झालीच तरी पॅडच्या जवळच येते, दूर जात नाही. ओढ्यातून जीप नेल्यावर ड्रममध्ये पाणी राहून ब्रेक निसटतात. तबकडीवरचे पाणी मात्र लगेच फेकले जाते. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली आणि मग ती हळूहळू सर्वसाधारण मोटारींमध्ये आली. आमच्या जीपची मूळ आखणी मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विलीज जीपच्या वळणाची. त्या काळी चारही चाकांना ड्रम हीच रीत होती.

चिरंजीवांनी स्पष्ट सांगितले, “बाबा, जीप विका किंवा तिचे ब्रेक बदला. तोवर हिला मी त्यात बसू देणार नाही.” दादांचे म्हणणे वेगळे होते. “आप्पांची जीप आहे. त्यांनी जशी ठेवली तशी राहू दे. घाटात न्यायची नाही, म्हणजे झाले.” दोघांचेही मला पटत होते. पण जी जीप उतारावर नेता येत नाही, ती आप्पांची जीप कशी म्हणावी? मी दादांना म्हणालो, “आप्पांनी ती पडवीत ठेवण्यासाठी घेतली नव्हती.” दादा काही बोलले नाहीत, मी ती संमती मानली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक अनुभवी मिस्त्री भेटले. त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये मला सांगण्यात आले होते, की पुढच्या चाकांना फक्त डिस्क आणि कॅलिपर लावले की काम झाले. हे मिस्त्री हसले. “साहेब, ब्रेक म्हणजे चाक नव्हे. पायापासून चाकापर्यंत सगळा ब्रेकच.” त्यांनी एकेक गोष्ट समजावून सांगितली. ड्रममधील शू फिरत्या ड्रमबरोबर आत ओढला जातो आणि पकड स्वतःच वाढवतो. डिस्कला ही मदत नाही, म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर हवा. बूस्टरला निर्वात लागतो आणि डिझेल इंजिनमध्ये तो आपोआप पुरेसा मिळत नाही, म्हणून व्हॅक्यूम पंप हवा. ड्रमसाठी बनवलेल्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती पुढच्या बाजूला तशीच राहिली तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि वाहन उभ्या उभ्या तापते. जुन्या सिलिंडरचा मार्गही एकच. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. नवा सिलिंडर दुहेरी असावा, म्हणजे पुढचे गेले तरी मागचे राहतात. मागे ड्रमच ठेवायचे, मात्र मागचा दाब बेताचा राखायचा, कारण मागची चाके आधी जाम झाली तर वाहन गरकन फिरते.

माझा स्वभाव बँकेतला, कागद आधी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांविषयी बंधने आहेत. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओ कार्यालयात चौकशी केली, विमा कंपनीला लेखी कळवले, आणि मगच सुटे भाग घेतले. मधल्या टाळेबंदीमुळे काम वर्षभर लांबले. खर्च सर्व मिळून अठ्ठावन्न हजार रुपये आला. जुने शू काढताना मिस्त्रींनी मुलांना हवेच्या झोताने धूळ उडवू दिली नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, ओल्या फडक्यानेच पुसायचे, ही त्यांची शिस्त मला फार आवडली.

त्यांची आणखी एक अट होती. बदलाआधी आणि बदलानंतर ब्रेक मोजायचा. मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटर वेगाने येऊन ब्रेक लावायचा आणि अंतर पावलांनी मोजायचे. जुन्या ड्रमवर थंड असताना एकवीस पावले लागली. लागोपाठ दहा वेळा ब्रेक लावल्यावर तेच अंतर तेहेतीस पावले झाले. नव्या ब्रेकवर पहिल्यांदा पंधरा पावले आणि दहाव्यांदा सोळा. नव्या ब्रेकचे खरे मोल पहिल्या मोजणीपेक्षा दहाव्या मोजणीत दिसते. १९९१ साली मी फक्त पहिली मोजणी केली होती.

जीप घेऊन मी मामांकडे गेलो. ते आता ऐंशीच्या घरातले, नातवाजवळ राहतात. मला त्यांनी आवाजावरून ओळखले. चहा झाल्यावर मी म्हणालो, “मामा, तुमचे खरे होते. त्या दिवशी ब्रेक लागला नव्हता. मीच आप्पांना चुकीचे सांगितले.” आणि घाटात माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगितला. कापलेले तीन हजार दोनशे रुपये आणि त्यावरचे इतक्या वर्षांचे व्याज हिशेब करून मी पाकिटात नेले होते. त्यांनी ते न उघडता सूनबाईंच्या हाती दिले. बराच वेळ ते गप्प होते. मग त्यांनी एकच विचारले,

“आप्पास्नी कळलं व्हतं का?”

मला “नाही” म्हणावे लागले.

“असू दे,” ते म्हणाले. नंतर नातवाचा हात धरून बाहेर आले, जीपमध्ये बसले आणि पेडलवर दोन-तीनदा पाय दाबून पाहिला. “वरच थांबतोय,” एवढेच म्हणाले. परतताना मी दादांना फोन करून सारे सांगितले. दुसऱ्या दिवशी दादा स्वतः मामांकडे जाऊन आले.

ज्यांच्या घरी जुनी जीप किंवा ट्रक आहे, त्यांना एवढेच सांगेन. ब्रेक बदला किंवा बदलू नका, पण घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक ऑइल वेळेवर बदला आणि भार बेताचा ठेवा. आणि आपल्या चालकाने “ब्रेक लागला नाही” असे सांगितले, तर दुसऱ्या दिवशी थंड झालेले पेडल दाबून निर्णय देऊ नका.