यंत्राचे गुरू

शिक्षक जे सांगतो, त्यापेक्षा जे दाखवतो ते मुले लवकर उचलतात. वर्गांत आयुष्य घालवल्यावर माझी ही खात्री झाली आहे. आता यंत्रेही काहीशी अशीच शिकू लागली आहेत.

माझा एक जुना विद्यार्थी अभियांत्रिकी महाविद्यालयात कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास करतो. सुट्टीत सरावलीस आला म्हणजे तो मला भेटून जातो. एकदा त्याने विचारले, "गुरुजी, आम्हांला गणिताबरोबर नीतिशास्त्रही शिकवतात. यंत्राचा आणि नीतीचा काय संबंध?" मी म्हणालो, "अरे, तू महाविद्यालयात विद्यार्थी असशील. यंत्राचा तर तू गुरूच ना!"

मुलांनो, या यंत्रांना लाखो उदाहरणे दाखवतात आणि त्यांवरून ती आपले आडाखे बांधतात. जे फारसे दाखवलेच नाही, तेथे ती चुकतात. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन विदुषींनी, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन प्रणालींची परीक्षा घेतली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत १०० चेहऱ्यांमागे एकही पुरती चूक होत नव्हती. सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र एका प्रणालीच्या चुका १०० मागे ३४ हून अधिक भरल्या. अशा कामासाठी वापरले जाणारे दोन प्रसिद्ध चित्रसंग्रह त्यांनी तपासले, तर त्यांत गोऱ्या चेहऱ्यांचाच भरणा होता. यंत्राला कोणाचा द्वेष नव्हता. पण त्यामुळे अन्याय काही टळला नाही. उद्या असे यंत्र शिष्यवृत्तीसाठी आलेल्या आमच्या पाड्यावरच्या मुलीला 'ही ती नव्हे' म्हणाले, तर तिने दाद कोणाकडे मागावी?

दुसरी गोष्ट आपल्या घरच्या भिंतीवरची. वारली लग्नात सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. आपल्याच डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. आज यंत्र क्षणार्धात वारली धाटणीचे चित्र काढून देते. परंतु ज्यांची चित्रे पाहून ते शिकले, त्यांना कोणी विचारले काय? त्यांच्या पदरात काही पडले काय?

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यास सांगितले : हे ज्ञान कोणाकडून घेतले? यात कोण वगळले गेले? आणि यंत्र चुकले, तर उत्तर कोण देणार? गणित सोडवताना हे प्रश्नही सोडवावे लागतात. ते मागाहून जोडण्याची पुरवणी नव्हेत.

तुमच्यापैकी काही जण उद्या अशी यंत्रे घडवतील. तेव्हा तुम्ही जे त्यांच्यापुढे ठेवाल, तेच ती शिकतील. गुरूची जबाबदारी त्या दिवशी तुमच्यावर येईल.