दोन तासांनंतरचा आकडा

डायबेटीस झाला की अख्खं गाव डॉक्टर होतं. 'भात सोड', 'बटाट्याकडे बघू नकोस', 'बाजरीची भाकरी कितीही खा, साखर वाढत नाही'. आमच्या भागात एकीकडे विघ्नहर, दुसरीकडे भीमाशंकर साखर कारखाना. सातगाव पठारावर बटाटा, जुन्नरला द्राक्षं. सगळ्यांचं ऐकायचं तर तालुकाच सोडावा लागेल!

वडील सहा महिन्यांतून एकदा उपाशीपोटी साखर तपासायचे. ती बरी यायची. जेवल्यावर ती कुठवर चढते हे बघायला तेव्हा घरात मीटर नव्हतं. पायाची जखम चिघळली आणि अंगठा गेला. म्हणून मी वही घातली.

पद्धत सोपी आहे. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा बोट टोचायचं. काय खाल्लं, किती खाल्लं, आकडा किती, एवढंच लिहायचं. एका वेळी एकच बदल. आधी हात धुवायचे, कारण द्राक्षाचा रस बोटाला असला तरी आकडा फुगतो. जेवणानंतर १८०च्या आत, हे साधारण लक्ष्य. डॉक्टर प्रत्येकाला वेगळं देऊ शकतात.

आता वही काय म्हणते बघा. पिठलं आणि दोन भाकऱ्या: १९४. तेच पिठलं, एक भाकरी, वर वाटीभर मेथी: १५२. म्हणजे गुन्हेगार भाकरी नव्हे, दुसरी भाकरी! मासवडी आणि अर्धी भाकरी: १४६. बेसन, तीळ, खोबरं. साखर फार चढत नाही (तेलाचा हिशोब वेगळा). श्रावणी सोमवारची साबुदाणा खिचडी मात्र २३१. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. आता मूठभर भगर आणि भरपूर दाण्याची आमटी. उपवास मोडत नाही, आकडाही आवाक्यात राहतो. भाजी-आमटी आधी, भात शेवटी आणि मग आजीची शतपावली, एवढ्यानेही फरक पडतो.

हे माझे आकडे. तुमचे वेगळे येतील. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांची गोष्ट २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आली होती. उंचीच्या मानाने वजन (बीएमआय) दोघांचं सारखंच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! तेव्हा 'मी तर काटकुळा, मला काय होतंय' म्हणणाऱ्या आमच्या तमाम भावकीने एकदा तपासून घ्यावं.

एक मात्र पाळायचं. वही बघून गोळ्या-इन्सुलिन आपल्या मनाने कमीजास्त करायचं नाही. वही डॉक्टरांपुढे ठेवायची.

असो. मामी, मासवडी केलीस की हाक मार. येतो. भाकरी तेवढी अर्धीच वाढ.