टेकडीवरचा लुडो

रविवारी सकाळी सहाला उठणं म्हणजे आपल्या जमातीत गुन्हाच! पण माझ्या घरात ठिपक्यांचा एक बॉस आहे आणि त्याला वीकएंड वगैरे फंडे मान्य नाहीत. तोंडावर ओलं नाक टेकलं की शूज घालायचे, बोहरी आळीतून आणलेली तीस फुटी सुती दोरी खांद्यावर टाकायची आणि लॉ कॉलेज रोडवरून वेताळ टेकडी चढायला लागायचं.

लुडो डाल्मेशियन आहे. ‘एकशे एकवाला ना?’ हा प्रश्न वर पोहोचेपर्यंत किमान तिघं विचारतात. हो, तोच. डिस्नेच्या 1961 च्या आणि मग 1996 च्या सिनेमाने हा कुत्रा घरोघरी पोहोचवला. नाव क्रोएशियातल्या डाल्मेशिया किनाऱ्यावरून पडलेलं आणि इंग्लंडमध्ये काम काय, तर घोडागाडीच्या बाजूने मैलोन्मैल पळायचं. असा प्राणी वन बीएचकेत कोंडून तुम्ही दहा ते सात ऑफिसला गेलात, तर सोफ्याचं जे होईल त्याला तो जबाबदार नाही. (आमचा सोफा 2022 मध्येच वारला.)

त्याच वर्षीच्या दिवाळीची गोष्ट. बिल्डिंगमधली सगळी कुत्री फटाक्यांनी पलंगाखाली शिरलेली आणि आमचे साहेब हॉलच्या मधोमध घोरत होते. मला केवढा अभिमान! ‘किती शूर आहे बघ ना,’ मी आईला फोनवर सांगितलं. आई दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, ‘अगं, कुकरची शिट्टी झाली की उठतो का तो?’

नाही उठत. नाव घेतलं तरी नाही. मी त्याला हट्टी समजत होते. दोन महिने एका ठार बहिऱ्या पिल्लावर ‘नो, लुडो, नो!’ असं ओरडत होते.

डॉक्टरांनी समजावलं की या जातीत हे बरंच आढळतं. अमेरिकेत तपासलेल्या डाल्मेशियनांपैकी जवळपास 30 टक्क्यांना एका किंवा दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. ज्या जीन्समुळे अंग पांढरंशुभ्र होतं, त्यांच्यामुळेच कानाच्या आत रंगपेशी कमी पडतात आणि जन्मानंतर काही आठवड्यांतच ऐकण्याची यंत्रणा बंद पडते. ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं होतं, ते फोनवर म्हणाले, ‘मॅडम, बदलून देतो.’ मिक्सर बदलून देतात तसं! मी फोन ठेवला. खरं सांगू? हो म्हणायचा विचार रात्रभर डोक्यात होता.

मग सुरू झाली टेकडीवरची शाळा. टेकडी का? कारण रस्त्यावर मागून येणारी बाइक याला कळत नाही. इथे वाटेच्या दोन्ही बाजूंना गिरिपुष्पाची झाडं, भरपूर मोकळी जागा आणि नाकाला चोवीस तास करमणूक. नियम तसे सोपे आहेत, पण हात दुखेपर्यंत करावे लागतात. ‘शाब्बास’ म्हणजे वर केलेला अंगठा. तळवा वर उचलला की बसायचं, खाली दाबला की आडवं व्हायचं. दोन्ही हात पसरून छातीशी आणले की ये. झोपेत हात लावून दचकवायचं नाही, आधी नाकाशी हात धरायचा. आणि सगळ्यात मोठा धडा म्हणजे त्याने स्वतःहून मागे वळून माझ्याकडे पाहिलं, की दर वेळी पनीरचा तुकडा. दर वेळी! कलेजी मात्र अजिबात नाही. डाल्मेशियनच्या लघवीत युरिक अ‍ॅसिड जास्त असतं आणि खडे व्हायची भीती असते, म्हणून पाण्याची बाटलीही सोबत लागतेच.

रोज फिरायला येणारे एक काका पहिले कित्येक दिवस हातवारे बघून हसायचे. ‘मूकनाट्य आहे का गं?’ आता तेही लांबून अंगठा दाखवतात. लुडो हक्काने त्यांच्याकडे पनीर मागायला जातो.

आणि एका पावसाळ्यात व्हायचं ते झालंच. जुन्या दगडाच्या खाणीजवळ, जिथे पाणी साठतं तिथे, झुडपातून मोर उडाला. ओली दोरी हातातून सुटली. लुडो थेट कडेच्या दिशेने! माझ्या तोंडून हाक निघाली. किती निरर्थक, नाही? काकाही ओरडले. मोर पलीकडे गेला, लुडो धावतच होता. मला एवढंच आठवतं की मी ओरडणं थांबवलं आणि दोन्ही हात पसरून उभी राहिले. तो काही बघत नव्हता, तरी.

कडेच्या थोडं अलीकडे त्याने वेग कमी केला आणि वळून पाहिलं. नेहमीसारखंच, पनीर मिळेल का ते बघायला. मी हात छातीशी आणले. तो चिखलाचे पाय घेऊन पळत आला आणि माझ्या पांढऱ्या टी-शर्टवर आणखी ठिपके उमटवले.

पिशवीतलं उरलेलं सगळं पनीर त्याला दिलं. काका म्हणाले, ‘बाळा, बस जरा आधी.’ मी बसले. गुडघे थरथरत होते. लुडो शेजारी बसून माझ्या रिकाम्या पिशवीकडे बघत राहिला.