डिसोटो : मधल्या पायरीवरची मोटार

जुन्या मोटारींविषयी वाचकांना रुचेल असे काही लिहावे, यंत्रशास्त्राचा भाग शक्य तितका टाळावा आणि लेख दसऱ्याच्या आत हाती द्यावा, अशा तीन अटी घालून संपादकांनी मला पत्र धाडले, तेव्हा त्यांतील पहिली आणि तिसरी मी आनंदाने मान्य केली. दुसरीविषयी मात्र आरंभीच सांगितले पाहिजे की, बेळगावच्या उद्यमबागेत ज्याची हयात इंजिने उतरविण्यात, सिलिंडरचे बोअर मापण्यात आणि झिजलेले क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग करून पुन्हा कामास लावण्यात गेली, त्याला मोटारीची कीर्ती सांगताना तिच्या हाडामांसाविषयी मौन पाळणे जमणारे नाही. वाचकांनी काही आकडे सोसावेत. ज्या मोटारीची कथा मी सांगणार आहे तिचे मरण अखेर आकड्यांतच उकलते.

निमित्त अगदी अलीकडचे आहे. निपाणीच्या एका तंबाखूच्या पेढीवरील घराण्याने आपली १९५० सालची डिसोटो डिप्लोमॅट तपासणीसाठी माझ्याकडे आणली. गाडीच्या कागदपत्रांवर आधी मुंबई राज्याचे आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूर राज्याचे शिक्के होते. हा मुलूख ज्या रात्री एका दफ्तरातून दुसऱ्या दफ्तरात गेला, त्या रात्री ही गाडी निपाणीच्या वखारीतच उभी होती. ही ‘मूळ अमेरिकन डिसोटो’ आहे असा लेखी दाखला घराण्याला हवा होता. मी दोन चाकांच्या आसांमधले अंतर मापले, इंजिनाच्या हेडची लांबी मापली, आणि तसा दाखला देता येणार नाही असे सांगितले. घरातला नातू, मोठा समंजस मुलगा, एवढेच म्हणाला, “काका, आजोबा खोटं बोलत नव्हते की हो!” आजोबा खोटे बोलत नव्हते, हे खरेच आहे, आणि माझी टेपही खोटे बोलत नव्हती. ही दोन सत्ये एकत्र कशी नांदतात ते सांगण्यासाठीच हा लेख.

आपल्याकडे जुन्या अमेरिकन मोटारींविषयी जे बोलले जाते त्याचा मला पुष्कळदा वीट येतो. लांब बोनेटची कोणतीही गाडी दिसली की तिला ‘डॉज’ म्हणावे, पत्रा जाड म्हणून गाडी उत्तम असा निर्णय द्यावा, लिटरला किती देते हा प्रश्न प्रथम विचारावा, आणि ‘पेट्रोल फार पीत म्हणून त्या कंपन्या बुडाल्या’ असा निष्कर्ष चहाच्या घोटाबरोबर काढून मोकळे व्हावे, ही लोकरीत झाली आहे. डिसोटो ज्या अमेरिकेत संपली त्या अमेरिकेत १९६० साली पेट्रोल स्वस्त होते. तिच्या मृत्यूचे कारण इंधनाच्या टाकीत नव्हे, तिच्या जन्मदात्यांच्या हिशेबात शोधावे लागते.

वॉल्टर क्रायस्लर हा मूळचा रेल्वेच्या कारखान्यातला यंत्रज्ञ. १९२८ साली त्याने एकाच उन्हाळ्यात तीन गोष्टी केल्या : स्वस्त प्लिमथ बाजारात आणली, मध्यम किमतीची डिसोटो जाहीर केली आणि डॉज बंधूंचा प्रचंड कारखाना विकत घेतला. जनरल मोटर्सने प्रत्येक ऐपतीच्या गिऱ्हाइकासाठी एकेक नाव योजून किमतीच्या पायऱ्या बांधल्या होत्या, तशाच पायऱ्या त्याला हव्या होत्या. स्पॅनिश संशोधक हर्नांडो दे सोतो याच्या नावाची ही सहा सिलिंडरची मोटार ८४५ डॉलरपासून मिळे, आणि पहिल्याच वर्षी तिच्या ८१,०६५ गाड्या खपल्या. नव्या नावाच्या मोटारीचा पहिल्या वर्षाचा हा विक्रम पुढे तीस वर्षे अबाधित राहिला. परंतु डॉज घरात आल्यामुळे मधल्या पायरीवर प्रारंभापासूनच दोन नावे उभी राहिली. आधी डिसोटो डॉजच्या खाली होती; १९३३ साली तिला उचलून डॉजच्या वर ठेवले गेले.

१९३४ साली तिच्यावर पहिला घाव पडला. वाऱ्याचा रोध कमी व्हावा म्हणून क्रायस्लरच्या अभियंत्यांनी वातबोगद्यात प्रयोग करून ‘एअरफ्लो’ नावाची गोलसर मोटार घडविली. इंजिन पुढे सरकवून प्रवाशांना दोन्ही आसांच्या मधोमध बसविण्याची तिची मांडणी आज सर्वमान्य आहे. त्या काळी मात्र गिऱ्हाइकांना ती विद्रूप वाटली. क्रायस्लर या नावाखाली त्या वर्षी जुन्या घाटाचीही गाडी मिळत होती. डिसोटोच्या दालनात मात्र एअरफ्लोखेरीज दुसरे काही नव्हते. तिचा त्या वर्षीचा खप सुमारे १४,००० वर आला. प्रयोग सर्वांच्या हिताचा आणि जोखीम मात्र मधल्या नावाची, हा न्याय तेव्हापासून रूढ झाला.

या कथेत आपला भाग सोलापूरच्या मातीतून येतो. मोटारीचा कारखाना हिंदुस्थानात निघावा म्हणून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तीसच्या दशकाच्या मध्यापासून झटत होते. त्यासाठी ते युरोप-अमेरिकेचे कारखाने पाहून आले, आणि मुंबई इलाख्यातील बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने साहाय्याची तयारीही दाखविली. हे मंत्रिमंडळ १९३९ साली पायउतार झाले आणि दिल्लीच्या सरकारने पाठ फिरविली. तरीही सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी धीर सोडला नाही. फोर्डशी चाललेली बोलणी फिसकटल्यावर त्यांनी १९४० साली क्रायस्लरशी करार केला, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि मार्च १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला पाच महिने उरले असताना, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. आगबोटी, विमाने आणि मोटारी या तिन्ही उद्योगांचा पाया ज्या एका पुरुषाने परक्या सरकारच्या नाराजीत घातला, त्याच्याविषयी लिहिताना माझ्यासारख्या कारागिराची मान आपोआप ताठ होते.

कुर्ल्याहून प्लिमथ, डॉज आणि डिसोटो अशा तीन नावांच्या मोटारी निघत. पुणे–बंगळूर रस्त्यावरून त्या आमच्या मुलखात आल्या. तवंदीचा घाट दुसऱ्या गिअरवर न तापता चढणारी, आणि छप्पर उंच असल्यामुळे फेटा न काढता आत बसता येणारी ही मोटार निपाणी-संकेश्वरच्या व्यापाऱ्यांना मानवली यात नवल नाही. क्रायस्लर कंपनीचे तत्कालीन प्रमुख के. टी. केलर यांचा आग्रहच होता की, माणसाला टोपी डोक्यावर ठेवून मोटारीत बसता आले पाहिजे.

आता त्या वादाकडे वळतो, ज्यासाठी मित्रमंडळी मला हटवादी म्हणतात. ‘डिप्लोमॅट’ ही डिसोटो होती काय? १९४६ पासून क्रायस्लरने हे नाव केवळ परदेशी बाजारांसाठी वापरले. अमेरिकेत १९५० साली विकल्या गेलेल्या नेहमीच्या डिसोटोच्या आसांमधले अंतर एकशे साडेपंचवीस इंच होते. निपाणीच्या गाडीचे भरले एकशे साडेअठरा, आणि हे अंतर त्या सालच्या प्लिमथचे आहे. अमेरिकन डिसोटोच्या इंजिनाचे हेड सुमारे पंचवीस इंच लांब असते, बोअर तीन पूर्णांक सात सोळांश इंच आणि स्ट्रोक सव्वाचार, म्हणून त्याची धारणा २३६ घन इंचांच्या थोडी वर जाते. माझ्यासमोरच्या इंजिनाचे हेड तेवीस इंची होते, बोअर सव्वातीन आणि स्ट्रोक चार पूर्णांक तीन अष्टमांश, म्हणजे धारणा २१७.८ घन इंच. दोन्ही इंजिने साइड व्हॉल्व्हचीच, दोन्ही सहा सिलिंडरची, दोन्ही अत्यंत सोशिक. पण एकाचे हेड दुसऱ्यावर बसत नाही. गाडीला डिसोटोची ती प्रसिद्ध दातेरी जाळी होती, नामफलक होता, आतली सजावट होती. बाकी देह प्लिमथचा होता.

पुष्कळजण म्हणतात की, कारखान्याने ज्या नावाने विकली ते तिचे नाव. त्यात खोल जाण्याचे कारण काय? कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद बिनतोड आहे, आणि आजोबा खोटे बोलत नव्हते ते याच अर्थाने. पण यंत्रशास्त्राच्या दृष्टीने खोल जाण्याचे कारण मोठे आहे, कारण डिप्लोमॅटमध्ये परदेशी गिऱ्हाइकासाठी जे केले गेले, तेच काही वर्षांनी अमेरिकेत घरच्या गिऱ्हाइकासाठी केले गेले, आणि तिथेच डिसोटो संपली.

पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धात ती खरोखर वैभवात होती. १९५२ साली ‘फायरडोम’मध्ये तिला आठ सिलिंडरचे, अर्धगोलाकार ज्वलनकक्षाचे २७६ घन इंची इंजिन मिळाले. अशा कक्षात व्हॉल्व्ह समोरासमोर कलते बसवितात, त्यामुळे ते मोठे करता येतात आणि इंजिन मोकळा श्वास घेते. विशेष हे की, क्रायस्लर, डॉज आणि डिसोटो यांची अशी इंजिने तत्त्वाने एक असली तरी रचनेने निरनिराळी होती. डिसोटोचे ते तिचे स्वतःचे होते. व्हर्जिल एक्सनर यांच्या आरेखनाने १९५५ पासून तिचे रूप पालटले, १९५७ साली उंच शेपटपंख आणि टॉर्शन बारचे सस्पेन्शन आले, आणि त्या वर्षी एक लाखाहून अधिक गाड्या खपल्या.

परंतु त्याच वर्षी ‘फायरस्वीप’ नावाची स्वस्त डिसोटो आली. ती डॉजच्या १२२ इंची चॅसिसवर, डॉजच्याच कारखान्यात बांधलेली होती. डिसोटोचा होता तो केवळ मुखवटा. निपाणीच्या वखारीतल्या डिप्लोमॅटची रीत आता डेट्रॉइटला पोहोचली. १९५८ साली डिसोटोचे स्वतःचे इंजिन बंद झाले आणि डॉजशी सामाईक असलेले इंजिन तिच्यात बसू लागले. त्या वर्षी मंदी आली, खप निम्म्याखाली, पन्नास हजारांच्या आसपास उतरला. १९६० साली डॉज मॅटाडोर, डिसोटो आणि क्रायस्लर विंडसर या तिन्ही गाड्यांवर टेप लावली तर ती तिन्हींवर एकच आकडा दाखवी : १२२ इंच. क्रायस्लरच्या स्वस्त गाडीशी डिसोटोचे माप पूर्वीही जुळत असे, हे मान्य. पण १९५० साली डॉज तिच्यापेक्षा दोन इंचांनी आखूड होती, आणि डॉजपेक्षा दोन पैसे अधिक का द्यावेत याचे उत्तर त्या दोन इंचांत होते. निपाणीचा व्यापारी हे एका वाक्यात समजेल : वरच्या आणि खालच्या प्रतीचा तंबाखू एकाच भावाला टेकला की मधल्या प्रतीचे पोते कोणी सोडून पाहत नाही. ३० नोव्हेंबर १९६० रोजी क्रायस्लरने डिसोटो बंद करीत असल्याचे जाहीर केले. तोवर वीस लाखांहून अधिक गाड्या झाल्या होत्या. १९६१ च्या मॉडेलच्या जेमतेम तीन हजार निघाल्या.

मंदीला दोष देणारे हे विसरतात की, ब्यूक, पाँटियाक, मर्क्युरी ही मध्यम किमतीची नावेही त्याच मंदीत सापडली आणि तरली. त्यांच्या पोटात स्वतःचे असे काही शिल्लक होते. फोर्डने त्याच काळात काढलेली एडसेल तीन वर्षांतच का बुडाली याचेही एक मोठे कारण हेच की, फोर्ड आणि मर्क्युरी यांच्या मधल्या फटीत तिला स्वतःचा देह मिळालाच नाही.

इथे माझ्या मनात एक शंका उभी राहते आणि ती मला सोडीत नाही. ज्या एकरूपतेने डिसोटोला अमेरिकेत मारले, तिनेच तिला आमच्याकडे जगविले. प्लिमथ, डॉज आणि डिप्लोमॅट यांचे इंजिन मुळात एका घराण्याचे असल्यामुळे एकीचे हेड गॅस्केट दुसरीला, दुसरीचे बेअरिंग तिसरीला चाले. बेळगावच्या मेस्त्रींनी एका खणातल्या सामानावर तीन नावांच्या गाड्या चालत्या ठेवल्या. १९४९ साली तयार मोटारींची आयात बंद झाली आणि १९५३ साली टॅरिफ कमिशनने सुटे भाग इथेच बनविणाऱ्यांनाच पुढे जाऊ देण्याचे धोरण सुचविले. तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला, आणि कुर्ला टिकले. पुढे कुर्ल्याने फिॲट ११०० हाती घेतली, तीच अखेर प्रीमियर पद्मिनी झाली. मोठ्या अमेरिकन मोटारी मागे पडल्या, तरी पर्किन्सची डिझेल इंजिने घातलेले क्रायस्लर घराण्याचे ट्रक पुणे–बंगळूर रस्त्यावर दीर्घकाळ धावत राहिले. गरीब देशाला एक भाग तीन ठिकाणी बसणे हे वरदान होते. श्रीमंत बाजारात तोच गुण घातक ठरला. तेव्हा दाखला नाकारून मी निपाणीच्या त्या गाडीला कमी लेखले काय, असे मला त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहताना वाटून गेले.

नीट विचार करता मला तसे वाटत नाही. दाखल्याऐवजी मी त्या घराण्याला एक सविस्तर अहवाल लिहून दिला : मापे, इंजिनाचा क्रमांक, बोअर, हेडची लांबी, कागदांवरील दोन्ही राज्यांचे शिक्के, आणि ही प्लिमथच्या देहावर बांधलेली डिसोटो डिप्लोमॅट आहे हे स्पष्ट विधान. या पट्ट्यात ज्यांच्या वाड्यांत अशा गाड्या आहेत त्या सर्वांना माझी विनंती आहे की, मेस्त्रीला बोलावून एवढी नोंद आजच करून ठेवावी. जाळी बदलता येते, रंग बदलता येतो, आसांमधले अंतर बदलत नाही. आणि जे तरुण अभियंते उद्या नव्या मोटारी आखतील, त्यांना मी एवढेच सांगेन की, एका साच्यावर चार नावे लावणे हिशेबनीसाला सोयीचे असते, पण ज्या नावाखाली वेगळे काही उरत नाही, त्या नावासाठी गिऱ्हाईक वेगळा पैसा मोजीत नाही.